देव्हाऱ्यात लेकीचं नाव

९ फेब्रुवारी

आमच्या चांद्र पंचांगाप्रमाणे सरत्या वर्षाची शेवटची संध्याकाळ. देव्हाऱ्यापुढे पूर्वजांना पान वाढलं. उकडलेली कोंबडी, अख्खा मासा, आईने केलेल्या मुळ्याच्या वड्या. बाबांनी उदबत्त्या लावून एकेकाला नावाने बोलावलं. पणजोबा, आजोबा, आजी, आणि तो चुलत आजोबा — सतराव्या वर्षी खाडीत बुडाला, लग्न नाही, मूल नाही, घरात कुणी त्याला पाहिलेलंसुद्धा नाही. तोही आला जेवायला!

ताईचं नाव नाही.

मी विचारलं, "आणि ताई?" बाबा म्हणाले, "पानं गार होतायत." आत्या त्यांच्या मदतीला धावली. "अगं यून-रू, लग्न न झालेली लेक माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. बसली तर घराचं वाटोळं होतं."

मी म्हटलं, "वाटोळं व्हायचं आणखी काही राहिलंय का?"

ताई गेल्या जुलैत गेली. काऊश्युंग शहरात, सकाळी स्कूटरवरून सलूनमध्ये कामाला जाताना. सव्वीस वर्षांची होती. तिच्या नावाची पाटी डोंगरावरच्या भिक्षुणींच्या मठात एका फळीवर ठेवलीय. या भागातल्या लग्नाविना मेलेल्या सगळ्या मुली तिथे जातात. आईबापांच्या घरात जागा नाही म्हणून!

मी कोंबडी न खाताच उठले.

१० फेब्रुवारी

वर्षाच्या पहिल्या दिवशी शिवी द्यायची नसते. तोंडाने दिली नाही. इथे लिहिते — हलकट. सगळेच्या सगळे.

१७ फेब्रुवारी

आज बाबांना होडीवरच गाठलं. कालवांच्या माळा चढवत होते, पळून जायला जागा नव्हती.

मुलगा गेला की वर्षभर त्याची उदबत्ती वेगळ्या भांड्यात जळते. वर्षश्राद्धाला त्या भांड्यातली चिमूटभर राख पूर्वजांच्या भांड्यात मिसळतात, आणि तो त्यांच्यातला होतो. म्हणजे जुलैपर्यंत वेळ आहे. मी म्हटलं, ताईची राख मिसळा. एक चिमूट! पाव चमचासुद्धा नाही!

"हे मी ठरवलेलं नाही," म्हणाले.

"मग कोणी ठरवलं?"

"वरच्यांनी."

"विचारलंत त्यांना?"

"असलं विचारायचं नसतं."

ज्या माणसाने नवी होडी घेताना तीन वेळा कौल लावला, रंग कुठला द्यावा म्हणूनही लावला, त्याला पोटच्या पोरीबद्दल विचारायचं नसतं!

२५ फेब्रुवारी

मात्सू देवीच्या देवळात गेले. भांडायला गेले, पाया पडायला नाही. हे लिहून ठेवते म्हणजे पुढे घोळ नको. लहानपणापासून हजारदा गेले असेन, पण आईच्या पाठीमागे उभं राहून मोबाइल बघत. देवीच्या तोंडाकडे आज पहिल्यांदा नीट पाहिलं. उदबत्तीच्या धुराने काळंठिक्कर झालंय.

दारात ल्याव मावशी असतात, उदबत्त्या द्यायला. पण डोळे कायम टीव्हीवरच्या बेसबॉलवर. म्हणाल्या, "आधी नाव सांग, पत्ता सांग, जन्मतारीख सांग. मग प्रश्न. देवीकडे काय तू एकटीच आहेस?"

पत्ता! पार्सल मागवतेय का मी! तरी सांगितला.

कौलाचे ते दोन लाल ठोकळे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला तर हो. दोन्ही फुगीर म्हणजे नाही. दोन्ही सपाट म्हणजे देवी हसतेय. परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं — मी पुरुष आहे का? हो पडलं! मी मोठ्याने हसले. मावशींनी मान न वळवता विचारलं, "काय गं?" सांगितलं. म्हणाल्या, "भंकस झाली असेल तर आता खरं विचार. तिला कामं आहेत."

मग खरं विचारलं. माझी ताई घरी यावी ना?

देवी हसली. पुन्हा टाकले. पुन्हा हसली. हसण्यासारखं काय आहे यात?! मी एक ठोकळा असा आपटला की त्याचा टवका उडाला. वाटलं, आता मावशी बोंब मारणार. तर म्हणाल्या, "खालच्या खणात दुसरी जोडी आहे. तुझ्यासारखे येतात अधूनमधून."

३ मार्च

पुन्हा गेले. माफी मागायला नाही. माझं बोलून संपलं नव्हतं.

९ मार्च

अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

आत्या "उपाय" घेऊन आली. लाल पाकिटात ताईची जन्मवेळ आणि केसांची बट ठेवायची. पाकीट रस्त्यात टाकायचं. आपण आडोशाला उभं राहायचं. जो पुरुष उचलेल तो जावई! मग ताई त्याच्या देव्हाऱ्यात बसेल, हक्काने. "घाबरायचं काय त्यात? मेजवानी देऊ, हुंडा देऊ. पोरीचं कल्याण होईल."

मी ओरडले. "जिवंतपणी तुम्ही दाखवलेले तीन मुलगे तिने नाकारले! त्यापायीच घर सोडून गेली ती! आणि आता रस्त्यावरचा कोणीही उचल्या चालेल?"

आत्या म्हणे, "तेव्हा एखाद्याला हो म्हणाली असती तर आज ही वेळ आली असती का?"

आई पाटावर बसून कालवं फोडत होती. एक शिंपला, दुसरा शिंपला. मान वर नाही. मी तिला म्हटलं, "तू तिची आई आहेस की शेजारीण?" तिची सुरी घसरली. अंगठा कापला. तिने तो तोंडात धरला आणि पुढचा शिंपला घेतला.

तिला बोलायला नको होतं मी. पण तिने तरी तोंड उघडायला नको?

१० मार्च

देवळात. नाव सांगितलं, पत्ता सांगितला. मग एकदम भडकले. म्हटलं, माझा पत्ता तुला पाठ झाला असेल, ताईचा काय सांगू? काऊश्युंगची भाड्याची खोली दुसऱ्याला गेली. माहेर नाही म्हणतंय. सासर नाहीच. सांग ना! तू पण माणूस होतीस तेव्हा लग्न न करताच गेलीस म्हणतात. तुला मात्र एवढं मोठं देऊळ, सोन्याचा मुकुट, वर्षाला पालखी. आणि तुझ्यासारख्याच दुसरीला डोंगरावरची फळी?

असं देवीशी बोलतात का, माहीत नाही. मावशींनी टीव्हीचा आवाज कमी केला होता. ऐकत होत्या सगळं.

२२ मार्च

मी अजून काहीही मानत नाही. फक्त रोज जाते. लोक जिमला जातात तशी.

२६ मार्च

आज जायला जमलं नाही, घरच्या मासळीच्या ऑर्डरी भरायच्या होत्या. तर दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं! कोळंबीच्या खोक्यावर पत्ता लिहिताना मनातल्या मनात तिलाच सगळं सांगत होते. गिऱ्हाईक कसं घासाघीस करतंय, आईचा अंगठा सुजलाय, वगैरे. स्वतःचाच इतका राग आला. बावीस वर्षांची घोडी मी, कॉलेज शिकलेली, लाकडाच्या बाईला आईचा अंगठा सांगतेय!

कौल "हो" पडला की वाटतं तिने सांगितलं. "नाही" पडला की म्हणते दोन लाकडं पडली. हा कसला विश्वास? हा तर बाजार झाला.

४ एप्रिल

थडगी साफ करायचा दिवस. सगळं कुटुंब कोयते-खराटे घेऊन डोंगराच्या अलीकडच्या बाजूला. पणजोबांचं गवत काढलं, आजीला केक वाहिला. पलीकडच्या बाजूला, स्कूटरवर दहा मिनिटांवर, ताई. कोणी नाव काढलं नाही. मी खराटा टाकला आणि निघाले. आत्या मागून ओरडली, "ही पण तिच्याच वळणावर जाणार!"

मठात एक भिक्षुणी फरशी पुसत होती. ताईची पाटी मधल्या फळीवर. पुढे ताजी संत्री. मी नेली नव्हती, म्हणजे मठातलीच कोणीतरी ठेवते. भिक्षुणी म्हणाली, "यून-शानची बहीण ना? चेहरा तोच. तिच्या उजवीकडे आहेत त्या शाळेत गाणं शिकवायच्या. डावीकडची पोरगी नर्स होती. या खिडकीतून संध्याकाळी वारा छान येतो."

वसतिगृहातली खोली दाखवावी तसं सांगत होती! मला वारा नकोय. मला माझी बहीण घरी हवीय. तिच्यावरही खेकसले मी. तिने दोन संत्री हातात दिली आणि पुढे पुसायला लागली.

१ मे

देवीचा वाढदिवस. पालखी गावातून निघाली. लोक रस्त्यावर रांगेने पालथे झोपतात आणि पालखी त्यांच्यावरून जाते, म्हणजे देवी संकट उचलून नेते. मी फुटपाथवर उभी होते, नुसती बघत. खरंच नुसती बघत होते.

मग काय झालं कळलं नाही. गुडघे टेकले आणि आडवी झाले. डांबर तापलं होतं, फटाक्यांचा कागद गालाला चिकटला. मला रडू फुटलं. आणि तोंडातून एकच निघत होतं — ने ना तिला घरी, ने ना तिला घरी.

पालखीला खांदा द्यायला बाबा होते. दरवर्षी असतात. डोक्याशी त्यांचे बूट आले. ते फाटके पांढरे, मी ओळखते. क्षणभर थांबले. मागचे लोक ओरडले, "चला, चला!" मग माझ्या अंगावरून जपून पुढे गेले.

घरी आल्यावर मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. ही देवी आहे की जळू?

२ मे

सकाळी भात वाढताना बाबा एकदम म्हणाले, "ऐकलं मी काल, खाली काय म्हणत होतीस ते." मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात होड्यांच्या सणाला पान वाढू ना, तेव्हा पूर्वजांना कौल लावू. नाही म्हणाले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मी म्हटलं, "आणि हो म्हणाले तर?"

"तर आत्याच्या तोंडाला तू तोंड दे."

१० जून

हो! हो! हो! सलग तीन वेळा!

बाबांनी टाकले, त्यांच्याच हातांनी. पहिल्याला आत्या म्हणाली, नीट पडला नाही, टेबलाच्या पायाला लागला. दुसऱ्याला म्हणाली, वारा आहे. तिसऱ्याला उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा खाली बसले आणि तोंड झाकून रडले. वर्षभर हा माणूस पूर्वजांच्या आड लपला होता, आणि पूर्वज मध्येच बाजूला झाले!

मला आनंद झाला, पण त्यात राग मिसळलेलाच. एवढं सोपं होतं? एवढंच विचारायचं होतं? मग माझी बहीण वर्षभर मठात का बसलीय?

देवळात गेले. नाव-पत्ता काही सांगितलं नाही. "आभार" म्हटलं आणि बाहेर आले. ल्याव मावशी म्हणाल्या, "आज आपटलं नाहीस काही?"

१३ जुलै

उद्या वर्षश्राद्ध. घरच्या देव्हाऱ्यासाठी नव्या पाटीवर ताईचं नाव लिहून घेतलंय. देव्हाऱ्यात आजीच्या डाव्या अंगाला जागा केली. बाबांनी स्वतः पितळ घासलं. मी तिच्या आवडीचं कालवांचं आम्लेट करणार आहे, रताळ्याचं पीठ जास्त घालून, तिला चिकट आवडायचं. तिला मठातून गाडीने आणताना पूल आला की सांगायचं असतं, "ताई, पूल आला गं, सांभाळून ये." नाहीतर वाट चुकतात म्हणे. मी आत्ताच पाठ करतेय! मी!

रात्रीच्या जेवणाला आई बोलली. अख्ख्या वर्षात या विषयावर पहिल्यांदा. ताटाकडे बघत म्हणाली, "पूर्वजांना विचारलंत, देवीला विचारलंत. पोरीला विचारलं का कोणी?"

बाबा म्हणाले, "उद्या मठातून निघायच्या आधी रीत म्हणून विचारायचंच असतं. पण घरी यायला कोण नाही म्हणतं?"

१४ जुलै

नाही म्हणाली.

मठात, तिच्या पाटीपुढे, तीनदा नाही. बाबांनी प्रश्न फिरवून फिरवून विचारला. आज नको तर पुढच्या महिन्यात? मी चुकलो असं म्हटलं तर? नाही. मग आईने ठोकळे घेतले आणि हळूच विचारलं, "इथेच बरं वाटतं का गं तुला?" हो. हो. हो.

बाबा पुन्हा टाकायला वाकले. म्हणाले, लाकडं दमट आहेत. मी त्यांच्या हातातून काढून घेतली. "बाबा, ती नाही म्हणालीय." मीच म्हटलं हे! आजवर नको ते उत्तर आलं की मी त्याला लाकूड म्हणायचे. आज नको तेच आलं, आणि बोलणारी ताई होती याबद्दल मला तिळमात्र शंका वाटली नाही. आम्लेट तिच्यापुढे ठेवलं. गाणं शिकवणाऱ्या बाईंना आणि नर्सलाही थोडं थोडं.

येताना पुलावर कोणी काही बोललं नाही. पूल संपल्यावर बाबांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "पहिल्यापासून हट्टी कार्टी! कधी म्हणून माझं ऐकलंय हिने?"

ताई गेल्यापासून आज पहिल्यांदा बाबा तिच्यावर रागावले.