आईने सायक्लिनची बाजू घेतली

गल्लीपोली,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप नुन्झियाताताईस,

धाकट्या ओरोंझोचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर पापे. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? तोरिनोचं धुकं दाजींच्या छातीला मानवतं का, आणि त्यांनी सिगरेट खरंच सोडली की फक्त तुझ्यासमोर सोडली, तेही कळव. इथे सगळे मजेत आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाच.)

आईच्या छातीत गाठ निघाली. तिने ती आधी कोळणीला सांगितली, मग पाद्रीबाबांना आणि शेवटी मला. थोडं हाडांतही उतरलंय. लेच्चेची डॉक्टरीण तरुण आहे, पण समजूतदार. ती म्हणाली, यावर आता चांगल्या गोळ्या आहेत, बाईंच्या पेशींत सायक्लिन फार माजलंय, त्याला या लगाम घालतात. झालं. आईने गोळ्यांची डबी टेबलावरून परत डॉक्टरणीपुढे सरकवली आणि पर्स उचलून उभी राहिली. म्हणाली, "ज्याच्या जिवावर वीस वर्षं आमच्या घरची चूल पेटतेय, त्यालाच मी मारू?"

तू तोरिनोला गेलीस, म्हणून तुला जेवताना माझं सायक्लिनपुराण ऐकावं लागलं नाही, आईला लागलं. पेशीत हे प्रथिन हळूहळू साठतं, आपल्या जोडीदाराला जागं करतं, पेशीची दोन शकलं होतात, मग काम झालं की पेशी त्याचाच निकाल लावते आणि पुन्हा पहिल्यापासून साठवू लागते. एका पेशीची आपण एवढी माणसं झालो ती याच्यामुळे, असं मी सूप गार होईपर्यंत सांगायचो. सायक्लिनवरच्या संशोधनाची माझी नोकरी कायम झाली तेव्हा आईने चर्चमध्ये सायक्लिनच्या नावाने मेणबत्ती लावली होती. (पाद्रीबाबांना वाटलं, सिसिलीकडची कुणी संत असेल.) आता तेच सायक्लिन काही पेशींत वेळी-अवेळी साठतं आणि त्या पेशी थांबायचं नावच घेत नाहीत, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. तिला वाटलं, डॉक्टरणीच्या दबावाखाली मी मित्राची निंदा करतोय. डबी फ्रीजवर पडून राहिली. रोज कॉफी करताना मी डबीकडे बघायचो, आई माझ्याकडे बघायची आणि दोघं हवापाण्यावर बोलायचो.

अशात पांतालेओमामा. तो नाताळला दोन दिवसांसाठी आला होता. त्याच्या घराला रंग चालू आहे. (तेवढ्या वेळात ओत्रांतोचा अख्खा किल्ला रंगवून झाला असता.) पहिल्यांदा आईला बरं वाटलं, भाऊ आला, पत्ते रंगले, घर भरलं. मार्चमध्ये मात्र त्याने तिची खुर्ची बळकावली आणि टीव्हीचा रिमोट घेऊन झोपू लागला.

पाम संडेच्या आधी आमच्या प्रयोगशाळेचा समुद्राचं पाणी खेचणारा पंप बंद पडला. टाक्यांतली रिच्ची, म्हणजे माझी समुद्री साळिंदरं, मरायला लागली, म्हणून उरलेली काटेरी मंडळी मी घरी आणून न्हाणीघराच्या टबात सोडली, बुडबुड्यांची नळी लावून. त्यांच्या अंड्यांवर माझा वर्षभराचा प्रयोग होता. रविवारी मी आणि आई प्रार्थनेहून परतलो तर गच्चीवर मामा, त्याचे पत्त्यांचे दोन दोस्त, कात्री, पाव, गार पांढरी वाइन आणि रिकाम्या कवचांचा ढीग. रिच्ची पकडायला बंदी आल्यापासून मामाने गाबोळी चाखली नव्हती, हे मला मान्य आहे. तो मायेने म्हणाला, "भाच्या, तुझ्यासाठी दोन ठेवलीत. जरा पाणचट आहेत."

ओरडायचं काम आई करील असं मला वाटलं. ती ओरडली नाही. चर्चमधून आणलेली ऑलिव्हची फांदी बाजूला ठेवून ती कठड्यावर बसली.

"पांतालेओ," ती म्हणाली, "तू आलास तेव्हा मला आनंद झाला होता. पण काम झालं की माणसाने निघावं रे." मग माझ्याकडे वळली. "माझ्या आत हेच चाललंय का?"

मी हो म्हणालो.

"आणि ती गोळी त्याला मारत नाही?"

"नाही गं. त्याच्या जोडीदाराचे हात बांधते. एकट्या सायक्लिनला काही करता येत नाही."

"मग आधी असं सांगायचंस. वीस वर्षं नुसतं कौतुक."

जेवण झाल्यावर तिने पहिली गोळी घेतली. मी पाण्याचा पेला धरला. गुण येतो का ते पुढच्या तपासण्यांत कळेल. ती लवकर दमते, बाकी जिभेला काही झालेलं नाही. पवित्र आठवड्यात कुणाला घराबाहेर काढायचं नाही, म्हणून मामाला ईस्टरच्या कोकरापर्यंत मुदत मिळाली. त्याने दोनदा वाढून घेतलं.

दाजींना नमस्कार, मुलांना खूप आशीर्वाद.

तुझा भाऊ,
ओरोंझो

ता.क. मामा शुक्रवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे पोचतोय. स्टेशनवर कुणीतरी जा. दोन दिवसांसाठीच येतोय, त्याच्या घराला रंग चालू आहे.

ता.क. २. आईने बजावलंय की आजाराचं तुला कळवायचं नाही, तू काम टाकून धावत येशील. तेव्हा तुला काही कळलेलं नाही. काल तिने तुझ्या खोलीतल्या पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या आणि वारा लागावा म्हणून घातल्या असं म्हणाली. ताई, ये. येताना मामाला तिथेच ठेवून ये.