तिसऱ्या मजल्यावरची समाजसेवा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा (वय वर्षे सदुसष्ट) साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नसल्यामुळे प्रत्यक्षात तो उभ्यानेच घातला आहे, पण कागदावर साष्टांग समज. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचे कान काय म्हणतायत? (ऐकू येत नसेल तर हे पत्र त्यांना ओरडून वाचून दाखवू नकोस. शेजाऱ्यांना फुकट ऐकायला मिळेल.) इकडे सर्व ठीक.

मागे फोनवर तू म्हणालीस की तुझी वहिनी गेल्यापासून दोन वर्षं मी घरात बसून आहे, आता बुरशी येईल, जरा चार माणसांच्या उपयोगी पड. मी ते मनावर घेतलं. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत वस्तीचं मदत केंद्र आहे. बाहेर पाटी होती, ‘स्वंयसेवक पाहिजेत’. अनुस्वार एक घर अलीकडे सरकलेला. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस अशा पाटीखालून मुकाट्यानं आत जाऊ शकत नाही. खिशातल्या लाल पेन्सिलीनं तो अनुस्वार जागेवर बसवला आणि मगच उंबरा ओलांडला. म्हणजे माझी सेवा दारातच सुरू झाली म्हण ना.

आत केंद्राच्या मुख्य बाई बसल्या होत्या. काय काय करू शकाल, असं त्यांनी विचारलं. तुम्ही सांगाल ते, असं मी म्हणालो. (हा माझा विनय. मनात ‘सगळं’ असं होतं.) त्यांनी मला लोकांनी दिलेले जुने कपडे निवडायला बसवलं, चालण्यासारखे एकीकडे, न चालण्यासारखे दुसरीकडे. मी छापखान्याची शिस्त लावली. तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, विटलेला रंग, जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहून कपड्याला टाचलं. दुपारपर्यंत चालण्यासारख्या ढिगात एक टॉवेल आणि एक मफलर उरला. एका कोटाच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, ‘कॉलर फार मळकट, मालकाने मान धुण्याची सवय लावावी.’ मालक, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला, माझ्या मागेच उभा होता. तेव्हापासून मी पाव लांबून आणतो. दुसऱ्या दिवशी मला फोनवर बसवलं. तिथे मी मदत मागणाऱ्यांना वाक्य पूर्ण करायला लावत होतो, एवढंच. पण लोक अर्ध्यातच फोन ठेवू लागले. तीन दिवसांनी मुख्य बाई म्हणाल्या, तुमच्यासाठी एक खास काम आहे, ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही. गुणांची पारख उशिरा होते, पण होते.

काम असं. दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, एक निवृत्त परिचारिका एकट्या राहतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला जाऊन त्यांना तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या बासष्ट. मी वर पोचलो की त्या मला खिडकीजवळ बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि पाच मिनिटं पेपर उघडू द्यायच्या नाहीत. काल काय जेवलात, झोप लागली का, रविवारी कोणाशी बोललात, असं विचारत राहायच्या. मी मनात म्हणायचो, बिचारी बोलायला किती आसुसलीय. म्हणून मीही सविस्तर उत्तरं द्यायचो. (तुझ्या वहिनीचंही सांगितलं. तुला न सांगितलेलंसुद्धा. रागावू नकोस.) मधेच त्या माझं मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायच्या. जुनी सवय असेल, धरू द्यावं, असं म्हणून मी हात सैल सोडायचो. आणि दर आठवड्याला केंद्राला अहवाल द्यायचो, ‘बाईंच्या मनःस्थितीत लक्षणीय सुधारणा. चेहऱ्यावर टवटवी.’

तिसऱ्या महिन्यात एका शुक्रवारी मी नगरपालिकेची सूचना वाचली, उद्या पाणी येणार. त्या टेबलापलीकडे बसल्या होत्या, चष्मा नाही, पेपर त्यांच्या बाजूनं उलटा.

“येणार नाही,” त्या म्हणाल्या. “‘नाही’ पुढच्या ओळीत गेलंय.”

मी पेपर खाली ठेवला. तुम्हाला वाचता येतं का, असं विचारलं.

“छान येतं. मोतीबिंदू काढून चार वर्षं झाली.”

“मग मी कशाला येतो?”

त्या उठल्या आणि उगाच टेबलावरचं फडकं घडी करू लागल्या. “मला सांगितलं होतं, तुम्हाला वाचून दाखवायची हौस आहे आणि घरी ऐकायला कोणी नाही.”

मग त्यांनी आपली वही पुढे ठेवली. ताई, त्या वहीत मी होतो. ‘आज दाढी केली होती.’ ‘आज स्वतःहून हसले.’ ‘जिन्यात दोनदा थांबले.’ ज्या आठवड्यात मी स्वयंसेवक झालो, त्याच आठवड्यात त्याही झाल्या होत्या.

मी तडक केंद्रात गेलो. मुख्य बाई शांत. म्हणाल्या, “तुम्ही दोघंही येऊन म्हणालात, आम्हाला काही नको, फक्त द्यायचंय. घ्यायला कोणी तयारच नव्हतं. मी तरी काय करू?” यावर माझ्याकडे बिनतोड उत्तर होतं, पण चालत आल्यामुळे धाप लागली होती, ते राहून गेलं.

पुढचा मंगळवार आणि शुक्रवार मी गेलो नाही. घरीच मोठ्यानं पेपर वाचला. अग्रलेखापर्यंत पोचलो आणि लक्षात आलं की मीही ऐकत नाहीये. त्यानंतरच्या मंगळवारी बरोबर दहाला दारावरची बेल वाजली. परिचारिकाबाई, हातात पिशवी.

“शर्ट बदला. डॉक्टरांकडे जायचंय,” त्या म्हणाल्या. “तुमची नाडी मला पसंत नाही.”

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तुझ्या वहिनीला माझं पुष्कळ काही नापसंत होतं, पण नाडीपर्यंत ती कधी गेली नव्हती. मी निमूटपणे शर्ट बदलला. डॉक्टरांनी छातीला वायरी चिकटवून लांबलचक आलेख काढला. (त्यात तीन-चार ठिकाणी नको तेवढ्या मोकळ्या जागा सुटल्या होत्या. मी त्या डॉक्टरांना दाखवून दिल्या. ते म्हणाले, मलाही दिसल्या.) विशेष काही नाही.

आता सेवा पूर्ववत चालू आहे. एक पान मी वाचतो, एक त्या. त्यांच्या अहवालातलं शुद्धलेखन मी बघतो. माझ्या अहवालातला मजकूर त्या बघतात आणि बराचसा काढून टाकतात. एकंदरीत वस्तीला माझा फार उपयोग होतो आहे. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : त्या मोकळ्या जागा भरून काढायच्या म्हणून डॉक्टर खांद्याखाली काडेपेटीहून लहान एक यंत्र बसवणार आहेत. येत्या बुधवारी. तासाभराचं काम, असं ते म्हणतात.

ता. क. २ : रुग्णालयाच्या फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागते. परिचारिकाबाईंनी पेन काढलंही होतं. पण कारकुनानं नातं विचारलं, आम्ही दोघं एकदमच बोलू लागलो आणि एकदमच थांबलो. योग्य शब्द सापडेना. तेव्हा ती सही तुझ्यासाठी ठेवली आहे.

ता. क. ३ : मंगळवारपर्यंत पोचलीस तर बरं. मला भीती वाटतेय असं नाही. पण ये.