तीन जिवांचा पट्टा

२३ एप्रिल

पोहोचलो एकदाचे. डब्लिन सोडलं तेव्हा ऊन होतं, मेयो परगण्यात शिरल्याबरोबर पावसाने गाठलं, तरी माझा मूड काही बिघडला नाही. ग्लानदाव गावातलं हे घर सुट्टीपुरतं भाड्याने घेतलंय. या घराचं भाडं भरणारी मी माझ्या माहेरच्या स्कॅहिल घराण्यातली पहिली नव्हे, पण हसत हसत भरणारी बहुतेक पहिलीच.

घर छोटं आणि छान आहे. जाड पांढऱ्या भिंती, शेगडीत टर्फच्या, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या विटा, रस्त्याकडे तोंड करून एक खोल खिडकी. क्लीनाने आल्या आल्या खिडकीतल्या बैठकीवर हक्क सांगितला. सात वर्षांच्या मुलीला जे दिसेल ते आपलंच वाटतं. आमच्या घराण्यात हे वाटणं कधी जात नाही.

घरमालक मॅलकी गिलव्हरी सोडा ब्रेड आणि घरचं लोणी घेऊन आला. पंचाहत्तरीचा, बिनलग्नाचा, बोलघेवडा. क्लीनाला त्याने विचारलं, काय गं, डब्लिनला पाऊस वेळ ठरवून येतो म्हणे? ती खो खो हसली. मग मला म्हणाला, बाई, छत्री उघडू नका इथे, वाऱ्याने उडून पार गॉलवे शहरात सापडेल. माणूस आवडण्यासारखा आहे, याचाच राग आला. त्याला मी फक्त मिसेस टूमी म्हणून माहीत आहे. नवरा गेला तो एवढं आडनाव ठेवून गेला, ते आज पहिल्यांदा उपयोगी पडलं.

माझे बाबा भाड्याच्या खोलीत मेले, ते गिलव्हरींना शिव्या देत. आमची जमीन ढापली त्यांनी, हे वाक्य मी आईच्या दुधाबरोबर प्यायले. आता मॅलकी हीच जमीन पवनचक्कीवाल्यांना विकतोय. त्याआधी मला माझा वाटा हवा. क्लीनाच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं, बस.

२४ एप्रिल

वीस वर्षं मी वकिलांसाठी जुने दस्त हुडकते. दुसऱ्यांच्या जमिनी शोधून देता देता डोळ्यांना चष्मा लागला. आज स्वतःचा दस्त टेबलावर पसरून बसले, तर चष्मा दोनदा पुसून घेतला.

१७९३ चा भाडेपट्टा. त्या काळी आपल्याकडे मुदत वर्षांत क्वचितच घालत, जिवांवर घालत. तीन माणसांची नावं लिहायची, त्यांतलं एक जरी जिवंत असेल तोवर जमीन कुळाकडे. तिघं मेली की जमीन मालकाला परत. नाव बदलायचं तर मालकाला भरपूर पैसे मोजून जुन्याच्या जागी नवा जीव घालायचा. आमच्या थेडी स्कॅहिलने पहिलं नाव स्वतःचं घातलं. दुसरं इंग्लंडच्या राजाच्या एका मुलाचं, कारण राजाची पोरं पोटभर जेवतात, जगतात. आणि तिसरं आपल्या मुलीचं. ओनोरा, वय सात.

क्लीनाएवढीच. पोरीचा जीव जमिनीला तारण! पण त्या माणसाला तरी दुसरं काय ठेवायला होतं?

२६ एप्रिल

जिल्ह्याच्या ग्रंथालयात त्या वेळच्या जमीनदाराच्या कारकुनाच्या नोंदी सापडल्या आणि मी तिथल्या तिथे मोठ्याने हसले. शेजारच्या बाईने डोळे वटारले.

थेडी गेला, राजपुत्रही गेला, तेव्हापासून दरवर्षी एक मे रोजी, भाडं गोळा करायच्या दिवशी, कारकून घोड्यावरून येई आणि विचारी, ओनोरा आहे का? मग लिही: खिडकीत दिसली, हात हलवला. पुढल्या वर्षी तेच. दुष्काळात निम्मं गाव मेलं त्या वर्षीही तेच. ओनोराने शंभरी ओलांडली तरी तेच! एका नव्या कारकुनाने पुढे खरडलंय की वय फारच कमी दिसतं, लहान मूलच वाटतं.

शाबास रे माझ्या पूर्वजांनो! ओनोरा कधीचीच गेली असणार, आणि हे दरवर्षी कुणाची तरी पोर खिडकीत बसवत असणार. कारकुनाला बाटली दिली की त्याला दुरून सगळं दिसतं. मला त्या लबाडांचा अभिमान वाटला. मोठ्या चोरांच्या राज्यात एवढी लबाडी केल्याशिवाय गरीब जगतो कुठे?

२७ एप्रिल

आज मीही घराण्याला साजेसं केलं. ओनोरा मेल्याची नोंद कुठेच नाही. चर्चच्या वहीत नाही, दफनभूमीत नाही. म्हणून गावातल्या वकिलासमोर शपथपत्र केलं: माझ्या माहितीप्रमाणे ओनोरा स्कॅहिल हयात आहे, सबब पट्टा चालू आहे, आणि मी वारस आहे. वकील म्हणाला, बाई, हे कोर्टात दोन मिनिटं टिकायचं नाही. मी म्हटलं, टिकायला नकोच आहे. पवनचक्कीवाल्यांचा सौदा अडला की मॅलकी आपणहून बोलायला येईल. वकिलाने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

हात वर करून शपथ घेतली. एक प्रत मॅलकीच्या दारात सरकवली.

२८ एप्रिल

दुकानातून दूध आणायला गेले होते. परत येताना रस्त्यावरून पाहिलं, क्लीना खिडकीत बसलेली. हात हलवला तिने. मीही हलवला.

घराला वळसा घालून मागे आले तर क्लीना अंगणात. गुडघ्यापर्यंत चिखल, मॅलकीच्या कुत्र्याशी खेळत होती. केव्हापासून, विचारलं. तू गेलीस तेव्हापासून, म्हणाली.

काचेवर ऊन असेल. दुसरं काय असणार.

२९ एप्रिल

मॅलकी आला. शपथपत्राचा कागद त्याच्या मुठीत चुरगळलेला. भांडेल म्हणून मी तयारीत होते. तो रडकुंडीला आला होता. म्हणाला, तू स्कॅहिल आहेस हे आधी का नाही सांगितलंस, पोरी? या घराची किल्लीच दिली नसती तुला.

मग त्याने एक जुना कागद टेबलावर ठेवला. माझ्या पणजोबांची सही मी ओळखते. त्यांनी ही जमीन मॅलकीच्या आजोबांना लिहून दिली आहे. एक पैसाही न घेता. साक्षीदारांसमोर, स्वखुशीने.

म्हणजे कुणी ढापली नव्हती. बाबा जन्मभर ज्यांना शिव्या देत मेले, त्यांना आम्हीच हात जोडून जमीन दिली होती. 

मॅलकी सांगत राहिला. ओनोरा पट्टा झाला त्याच हिवाळ्यात तापाने गेली. मेलेल्या माणसाजवळ आपण बसतो, गाव गोळा होतं, बायका हंबरडा फोडतात, त्याला सांगतात की तू गेलास, आता जा. तिच्यासाठी हे काही झालं नाही. मालकाला कळलं तर पट्ट्यातला एक जीव कमी होईल, पुढेमागे जमीन जाईल, म्हणून आईच्या तोंडावर हात दाबला आणि पोरीला मुकाट्याने पुरलं. तिला कुणी सांगितलंच नाही की ती मेली आहे. कारकून विचारायला यायला लागला त्या पहिल्या वर्षी त्यांनी तिच्या भावाची मुलगी खिडकीत बसवली. दुसऱ्या वर्षी कुणाला बसवायची गरज पडली नाही.

आणि पणजोबा? मॅलकी म्हणाला, त्यांच्या मुलीला ओनोराने विचारलं होतं, माझ्या जागी बसशील का? त्यांनी ते ऐकलं, त्याच दिवशी सह्या केल्या आणि पोरीला घेऊन निघून गेले. आम्हा गिलव्हरींच्या रक्ताशी तिचं नातं नाही, तेव्हापासून ती गप्प होती. आता तू शपथेवर सांगितलंस, ती आहे. घे, सगळी जमीन घे, मला नको ती, पण आजच्या आज पोरीला घेऊन जा.

मी त्याला हाकलून दिलं. विक्रीसाठी रचलेली गोष्ट, म्हटलं. म्हातारा सराईत आहे, म्हटलं. आणि खरं सांगायचं तर जमीन घे हे शब्द कानात घोळत होते. लेखी देईल तर एक दिवस थांबायला काय हरकत आहे?

३० एप्रिल

मॅलकी लेखी द्यायला तयार. उद्या दुपारी वकील, सही, आणि तो स्वतःच्या गाडीतून आम्हाला स्टेशनवर सोडणार. त्याला आमच्यावर क्षणभरही भरवसा नाही.

जेवताना क्लीना म्हणाली, ओनोराला थंडी वाजते. मी तिला हे नाव कधीच सांगितलेलं नाही. चमचा खाली ठेवला. कोण ओनोरा? खिडकीतली, म्हणाली. तिच्याकडे एकच तपकिरी शाल आहे, ती पण ओली. तिला कुणी बाहेर खेळायला बोलावत नाही, आई. तिला माझा निळा फ्रॉक आवडला.

ती तुला काय म्हणाली? म्हणाली, तू माझ्या जागी बस, मी तुझ्या.

आणि तू?

मी हो म्हटलं. थोडाच वेळ गं, आई.

मी तिला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग जवळ घेऊन बसले. सामान भरलं. मॅलकी फोन उचलत नाही.

१ मे

सकाळी क्लीना लवकर उठून अंगणात पळाली. तिचा निळा फ्रॉक दिसतोय, कुत्र्याकडे पाठ करून उभी आहे. कुत्रं भुंकतंय. कालची थोबाडीत अजून मनात असेल तिच्या, माझ्याकडे बघत नाही.

आणि खिडकीत ती. तपकिरी शाल, डोक्यावरून ओढलेली. बाहेर बघतेय. मला पाठमोरी दिसते. आता ऊन नाही, काच नाही, काही नाही. मी तिच्यापासून चार हातांवर आहे.

पळून जायचं नाही. पणजोबा पळाले, ती इथेच राहिली. तिला हवं होतं ते आपण देणं लागतो. रडणं. तेवढंच.

---

केलं.

मेणबत्ती लावली. कुणी गेलं की आपल्याकडे करतात तसं घड्याळ थांबवलं, आरसा उलटा केला. तिच्या मागे बसले आणि म्हणाले, ओनोरा, बाळा, तू मेलीस. तुला कुणी सांगितलं नाही, ते आमचं पाप. तू मेलीस, आता जा.

मग रडले. आधी नुसतं तोंडाने, नंतर खरंच. बाबांसाठी, जमिनीसाठी, त्या दाबलेल्या तोंडासाठी. मोठमोठ्याने. ती शालीतून काहीतरी पुटपुटली, नाही नाही केल्यासारखी मान हलवली. मी थांबले नाही. मी म्हणतच राहिले, तू मेलीस, बाळा, तू मेलीस—

हळूहळू हलणं थांबलं. बैठकीवर आडवी झाली. शांत. किती हलकं वाटलं मला—

---

मॅलकीचा हॉर्न. निळा फ्रॉक दारात आला.

उंबऱ्यावर उभी राहून माझ्याकडे बघतेय. म्हणाली, किती छान रडलात. माझ्यासाठी कुणीच रडलं नव्हतं.

क्लीना मला अहो-जाहो—

---

शाल अजून उचललेली नाही. उचलणार नाही. जोवर बघत नाही तोवर—

हात बाहेर आलाय शालीतून. बारका. चिखल नखांत. अंगणातलाच—

नाही. मी रडलेच नाही. कुणी रडलं नाही इथे. कुणी ऐकलं नाही. मेणबत्ती विझवली. घड्याळ चालू केलं.

---

तिला उठवून बसवलंय. पाठीला उशी. मान राहत नाही, धरावी लागते.

मॅलकी रस्त्यावरून ओरडून विचारतोय, पोर कुठाय, पोर आहे ना?

आहे, मी म्हटलं. आहे की. खिडकीत. दिसत नाही का तुला, बघ ना, बघ नीट, आत्ता हात हल—