बराकीचं वय

३ जून, सकाळी १०.२०
आमचं ऑफिस ज्या जुन्या लष्करी बराकीत आहे, तिचा इतिहास कोणीच लिहिलेला नाही. मी लिहिणार! रोज चार पानं. निवृत्तीला चार महिने, म्हणजे चारशे ऐंशी पानं. तीस वर्षांत इथे कोणी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलेलं नाही. आता बघतोच.

४ जून
शोध! आमच्या खोलीच्या दारावरच्या दगडात १८७४ कोरलंय. चुन्याच्या थराखाली होतं, नेलकटरने खरवडलं. बांधकामाचं साल सापडलं. बायकोला फोन केला. म्हणाली, येताना दूध आणा.

७ जून
छताजवळचे झरोके गोळीबारासाठी असणार. टाइपिस्टबाईंनी विचारलं, शत्रू काय कौलांवरून यायचा? पूर्वी माणसं उंच असत, असं ठणकावून सांगितलं.
पानं : शून्य. रिफिल संपली.

१२ जून
शेजारच्या खोलीवर १२४८. मधली सहाशे वर्षं कंत्राटदार फिरकला नसावा.

१५ जून
कोठीवर ६२०! पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार. साहेबांनी माझं भाषण ठेवलंय. अध्यक्ष एक निवृत्त मेजर.

१७ जून
कॅन्टीनवर २४९६. हे साल अजून यायचंय. दिवसभर डोकं चालेना. चारच्या चहाला उलगडलं : पुढच्या दुरुस्तीची तारीख! काय ती दूरदृष्टी!

२० जून, दुपारी १
भाषण सत्तावन्न मिनिटं. एकही माणूस उठला नाही. जन्माचं सार्थक झालं.
मग मेजरसाहेब उठले. म्हणाले, हे आकडे सालं नव्हेत, खोलीतल्या हवेचं माप आहे. घनफुटांत. दर शिपायाला सहाशे, त्यावरून किती खाटा लावायच्या ते ठरायचं. झरोकेही हवेसाठीच. लोक पोट धरून हसले. साहेब तर खुर्चीतून घसरले. मला रडू यायचंच बाकी होतं.
तरी मेजरसाहेब जाताना म्हणाले, आवाज खणखणीत आहे तुमचा. म्हणजे मुद्दा पटला.

२१ जून
संशोधनाची तातडीने दखल! साहेबांनी स्वतः भागाकार केला. १८७४ भागिले सहाशे : तीन माणसं. आमच्या खोलीत चार. माझं टेबल उचलायला अख्खं ऑफिस धावलं. एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती.
आता व्हरांड्यात. हवा भरपूर. इथे आकडाच नाही, म्हणजे हा भाग आकड्यांचा शोध लागण्यापूर्वीचा. दुपारी हे सगळं एका गृहस्थांना सविस्तर सांगितलं. शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.
पोस्टमन होते. सही हवी होती.