भाऊंच्या छावणीत न वाढलेली सांबारवडी

पांढुर्णा

श्रीमान बाबारावजी यांना मोरेश्वरचा सादर नमस्कार.

वर ‘व्याही’ लिहिणार होतो, पण तेवढा हक्क उरला की नाही, या शंकेनं पेन थांबला. तब्येत बरी असेल. गुडघा कसा आहे? (रविवारी तुम्ही तरातरा बस स्टँडकडे निघाले, तेव्हा तर बराच वाटला.) इकडे ठीकच म्हणायचं. आमची सौ. सुधा माझ्याशी बोलत नाही, लेक भाग्यश्री रडून राहिली आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो, कारण त्या दिवशी तुम्ही माझं ऐकूनच घेतलं नाही. तुम्ही सौंसरहून भाग्यश्री अन् तुमच्या अभिजीतच्या लग्नाची सुपारी फोडायला आले. जेवणाला वेळ होता. कपाटावरचा माझा पानिपतचा पट पाहून तुम्हीच विचारलं, “हे काय होय जी?” हा माझा शौक म्हणजे (सुधाच्या शब्दांत) मास्तरकी सुटली तरी न सुटलेलं खूळ. नकाशा, पुठ्ठ्याच्या फौजा, फासे. लढाई तीच, पण निकाल खेळणाऱ्याच्या हाती. मुलाकडचे म्हणून भाऊसाहेबांची बाजू तुम्हाला मानानं दिली. अब्दाली व्हायला कोणीच तयार नसतं, म्हणून तो नेहमी मीच. लेकीच्या बापानं अशा दिवशी हरायचं असतं, एवढी अक्कल मला नव्हती का? होती. पण फासा हाती आला की मी कोणाचा बाप राहत नाही. तुमची रसद तोडली, छावणी घेरली. नेमकी तेव्हाच सुधा कोथिंबीर ठासून भरलेल्या सांबारवडीचं ताट घेऊन तुमच्यापुढं वाकली, आणि मी पटावरची नजर न काढता ओरडलो, “तिकडे वाढू नको! त्यांचं धान्य संपलं!”

अरे देवा! मी खेळाचा नियम सांगत होतो हो. पण होणाऱ्या व्याह्याच्या पुढचं ताट अडवणारा बाप आपल्या साऱ्या समाजात दुसरा नसेल. तुम्ही उठले, तेव्हा अभिजीतच्या हातातली वडी हातातच राहिली. तो भाग्यश्रीकडे पाहत होता. ते काही केल्या विसरता येत नाही. मला माझीच लाज वाटते, बाबारावजी. माझ्या खुळापायी त्या दोघांची सुपारी तशीच राहिली.

आपला (परवानगी असल्यास),
मोरेश्वर

ता. क. – खरं काम हे, की येत्या रविवारी या. पहिले जेवण, मग सुपारी, मग पट. या वेळी अब्दाली तुम्ही, भाऊ मी. उपाशीही मीच बसतो. भाग्यश्रीनं विचारलं, “बाबा, हराल ना?” तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

आणखी ता. क. – फक्त एक विनंती. गेल्या वेळी तुम्ही तोफा मागं अन् बाजारबुणगे पुढं ठेवले होते. लेकीसाठी हरायला मी तयार आहे. पण एवढं वाईट खेळू नका की मला हरताच येणार नाही.