एका पायाची विजार

सावेडी, अहमदनगर
५ जुलै १९७१

ती. राहीआत्यास मनकर्णाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. मी सुखरूप पोचले. अध्यापिका विद्यालय वसतिगृहापासून दहा मिनिटांवर आहे, मला पंचवीस लागतात. खोलीत आम्ही चौघी. बाकीच्या तिघी एकाच शाळेतून आल्या आहेत, त्यांचं आपापसात छान जमतं.

एक काम होतं. डाव्या पायाच्या लोखंडी पट्ट्यांखाली घालायला तू शिवलेल्या मांजरपाटाच्या विजारी या पावसात तीन-तीन दिवस वाळत नाहीत. दोरी एकच, तीही ओसरीवर, सगळ्यांसमोर. परवा एकीनं विचारलं की दुसरी तंगडी वाऱ्यानं उडाली की काय. सगळ्या हसल्या, मीही हसले.

तर मला टेरिकॉटच्या दोन शिवून दे. टेरिकॉट म्हणे तासाभरात वाळतं. खोलीत ट्रंकेवरच टाकीन, कुणाला दिसायचं नाही.

तुझी माया आहे तशीच असू दे.
तुझी,
मनकर्णा

राहाता
ता. ११ जुलै ७१

चि. मनकर्णा हिस आत्याचे आशीर्वाद.

वि. वि. तू पोचल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. तुझी आई गेल्यापासून एवढे दिस तू माझ्या नजरेआड कधी राहिली न्हाईस. भाकरी अजून दोघींच्याच थापल्या जातात.

टेरिकॉट मला पसंत न्हाई. ते घाम पीत न्हाई. वरून पट्टा आवळला की आत वाफ धरतं आन् कातडी सोलवटते. शर्टाला लई झ्याक, तुझ्या पायाला न्हाई. पन तू कधी काही मागत न्हाईस, म्हणून शिवल्या. पाय जळजळला तर लगेच काढ आन् मला कळीव. लाजू नको.

पोटभर जेव. आत्याला इसरू नको.
राहीबाई

सावेडी
२ ऑगस्ट १९७१

ती. आत्यास सा. न.

वि. वि. विजारी फार छान झाल्या. लगेच वाळतात. पाय उत्तम आहे, काळजी करू नकोस. एकीची शिवण घोट्यापाशी उसवली, म्हणून गावचे सूर्यभानकाका इथं आले होते त्यांच्याबरोबर पाठवते आहे. सवडीनं नीट कर. अभ्यास खूप आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

लोभ ठेव.
मनकर्णा

राहाता
ता. ७ ऑगस्ट ७१

चि. मनकर्णास आशीर्वाद.

मी तीस वर्सं मशिनीवर बसते. उसवलेल्या शिवणीचा दोरा ओढलेला दिसतो. हा सरळ कातरलाय. पाय सुजला म्हणून तूच कातरलास ना? विजार तू धुतलीस, पन दुमडीच्या आत डाग राहिलाय, आन् तो मातीचा न्हाई.

तुझ्या पत्रात जखम न्हाई, कापडात हाय. खरं काय ते लिही. मी पुढल्या आठवड्यात मंगळवारच्या एस्टीनं निघते.
आत्या

सावेडी
९ ऑगस्ट १९७१

ती. आत्या,

येऊ नकोस. तू आलीस तर मी तुझ्याबरोबर परत निघेन, आणि एकदा परतले की पुन्हा इथं यायची नाही.

खरं लिहिते. घोट्यावर आणि गुडघ्यामागे कातडी गेली आहे. पंधरा दिवस पट्ट्या घातल्या नाहीत. पट्ट्यांशिवाय मला उभं राहता येत नाही हे तुला माहीत आहेच. पहिला पाठ होता चौथीच्या वर्गावर, तो चुकला. ताप आला म्हणून सांगितलं. दिवसभर खोलीत पडून असते. तिघी सकाळी जातात, संध्याकाळी येतात आणि दिवसभरात काय झालं ते एकमेकींना सांगतात. पाठ तपासणाऱ्या आमच्या शिक्षिका गीताबाईंनी दुसरी तारीख दिली आहे, सहा सप्टेंबर. तोही चुकला तर नाव काढून टाकतील.

तुला खोटं लिहिलं, त्याबद्दल रागाव. पण पत्र पाठव.
मनकर्णा

राहाता
ता. २० ऑगस्ट ७१

चि. मनकर्णास पोटभर आशीर्वाद.

रागावले न्हाई. रंभाजी लोहाराकडून तुझ्यासारख्या दोन पट्ट्या करून घेतल्या आन् माझ्याच पायाला बांधल्या. रोज घरापासून बाजारापर्यंत गेले आन् आले. पयल्या दिशी कोरं मांजरपाट घातलं, खळीनं घासलं. फलालीनच्या गुठळ्या झाल्या. मलमल मऊ, पन पट्ट्याखाली फाटलं. मग बनियनचं विणलेलं सुती कापड आणलं. ते अंगासरशी ताणतं, चुणी पडत न्हाई, घामबी पितं. त्याच्याच तीन धाडते. शिवण बाहेरून घेतलीय, घोट्याला अन् गुडघ्याला जोड ठेवला न्हाई. जखम कोरडी झाल्याबिगर घालू नको.

बाजारात समदी बघत हुती. शेजारच्या चांगुणानं तोंडावर विचारलं की याड लागलं का. मला पट्ट्यापेक्षा ते बघणं जास्ती टोचलं. बारा वर्सं तुझ्या विजारी शिवल्या, पन हे मला ठाव नव्हतं. तूबी कधी बोलली न्हाईस.

तुझ्या हातचं सुखाचं पत्र यावं म्हणून वाट बघते.
आत्या

सावेडी
७ सप्टेंबर १९७१

ती. आत्यास मनकर्णाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. विजारी मिळाल्या. नीट बसल्या. जखमा भरल्या आहेत, फक्त घोट्याची खूण लाल आहे.

काल पाठ झाला. प्रवरा नदी शिकवायची होती. भंडारदऱ्यापासून नकाशा काढत होते, एवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं माझ्या पायाकडे बोट करून विचारलं, की बाई, दुखतं का. गीताबाई मागे वही घेऊन बसल्या होत्या. नगरला येऊन दोन महिने झाले, हे मला कुणीही विचारलेलं नव्हतं. मी सांगितलं की हो, दुखतं. मग मी फळ्याकडे वळले आणि नदी पार गोदावरीला मिळेपर्यंत काढली. पूर्ण पाठ उभ्यानं घेतला. गीताबाईंनी वहीत चांगला शेरा दिला. मुलं गेल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून खूप रडले, का ते कळलं नाही. मग तोंड धुऊन चालत आले.

राहीन मी इथं. तू मात्र दर आठवड्याला लिही, दोन ओळी असल्या तरी चालतील. टपाल आलं की ओसरीवर एकेकीचं नाव पुकारतात. माझं नाव इथं तेवढ्याच वेळी ऐकू येतं.

तुझीच,
मनकर्णा