कापलेल्या फोटोतला नंदी

प्रिय हर्षा,

दुकानात दुरुस्तीला आलेला टीव्ही अर्धा उघडा टाकून लिहायला बसलोय, राहवतच नाही. अफवा कुठून निघते, कशी पसरते, यावरचं तुझं संशोधन मी शब्दकोश घेऊन वाचलं होतं. इंग्रजी मला कोणी शिकवलं नाही, तरी अडलो नाही. एक तळटीप चुकली आहे, आलीस की दाखवीन. पण रीत बरोबर आहे पोरी. ती आपल्या कोहक्यात चालली!

पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी विकायला गोंदियाकडचा नरेश यंदाही आपल्या चौकात बसला. पोराने नंदी ओढून पाहावा, चाकं नीट फिरली तरच आईबापांनी घ्यावा, ही त्याची पद्धत. शेजारच्या गोलूचा हात धरून तो असाच फिरत होता. संध्याकाळी दोघांचा फोटो मोबाईलवर फिरायला लागला, खाली ओळ : बच्चा चोर, सावधान. लोकांनी नरेशला गाठलं, कानशिलात दिल्या, नंदी तुडवले. गोलूची आई सुशीला धावत आली, तेव्हा हात थांबले. फोटो मात्र थांबला नाही.

तू लिहिलंस तसं मी कोणाशी वाद घातला नाही. ज्याच्याकडे फोटो, त्याला एवढंच विचारलं, तुले कोणी पाठवला? मग त्या पाठवणाऱ्याला. समोरची टीना हसली, काका जासूस होऊन राहिले म्हणे. होऊ दे. शेवटच्या मोबाईलवर फोटो अख्खा निघाला! गोलूच्या हातात दोरी, दोरीला नंदी, मागे हसणारी सुशीला. बाकी सगळं कापून फक्त ते दोघं आणि धरलेला हात पुढे पाठवला होता.

अख्खा फोटो मोठा छापून मी चौकात लावला. नंदी तुडवणाऱ्यांतले दोघं उरलेले नंदी विकत घेऊन गेले. नरेश मोडकी चाकं गोळा करत म्हणाला, “भाऊ, पुढच्या वर्षी मले इथं बसू देतील का?”

तो शेवटचा मोबाईल तुझ्या केवलकाकाचा. माझ्या सख्ख्या भावाचा. गंमत केली म्हणतो. चौकात येऊन तेवढंच सांग म्हटलं, तर म्हणाला, “घरातलं घरात ठेव, दादा.” तुझी आईही तेच म्हणते, म्हणून तिच्यासमोर फोन न करता हे पत्र. नरेश केवलवर केस करणार आहे. दुर्गला वकील पुष्कळ, पण यातलं कळणारी वकील मला एकच माहीत आहे, तू. त्याने सही केलेलं वकीलपत्र सोबत ठेवलंय. नाही म्हणायचं असेल, तर मला नको, त्यालाच कळव.

तुझाच,
बाबा